बोरिवली ते मुलुंड, काट्याकडे बघत

माझ्या ओळखीतली माणसं व्हिएतनामला जातात, जॉर्जियाला जातात आणि आल्यावर आपल्याला घरी बोलावून टीव्हीवर फोटो दाखवतात. मी दिवाळीत बोरिवलीहून मुलुंडला जाऊन आले. फोटो एकही काढला नाही. तरी लिहायला बसलेय, कारण हा प्रवास तुमच्यापैकी कोणी माझ्या बाबांच्या गाडीतून केलेला नाही, आणि आता करणारही नाही.

आमच्या गॅलरीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. त्याच डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याशी शालूआत्या राहते. आमच्याकडे सूर्य ज्या डोंगरामागून वर येतो, त्याच डोंगरामागे तिच्याकडे तो बुडतो. एवढं जवळचं माणूस, पण जायचं तर अख्खा डोंगर वळसा घालून जावं लागतं. आधी दक्षिणेला जोगेश्वरीपर्यंत खाली, मग पवईवरून पूर्वेला, मग पुन्हा उत्तरेला वर. दर भाऊबीजेला बाबा हा वळसा स्वतः गाडी चालवत घालतात. रिक्षा नाही, टॅक्सी नाही, कोणाची लिफ्ट नाही.

बाबा गोरेगावच्या एका फिल्म स्टुडिओत ड्रायव्हर होते. पंचाहत्तरी कधीच ओलांडली. गाडी पांढरी, जुनी, सेकंडहँड घेतलेली. पासिंग वाढवून वाढवून चालवलेली. तिच्यावर त्यांचा जेवढा जीव आहे तेवढा माझ्यावर असल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा भानगड अशी झाली होती की गणपतीच्या आसपास बाबा मालाडला बाजारात गेले, गाडी तिथेच ठेवून रिक्षाने घरी आले आणि संध्याकाळी गाडी चोरीला गेली म्हणून सगळी सोसायटी गोळा केली. माझा भाऊ महेश म्हणाला, बस झालं, चावी द्या. बाबा भडकले. मी बाबांची वकील. मी म्हटलं, गाडी कुठे लावली हे माझा नवरासुद्धा मॉलमध्ये विसरतो, त्याची चावी कोणी काढून घेतली का? डॉक्टरांनी विसरण्यावर गोळ्या दिल्याच होत्या, आणि शेजारी कोणीतरी बसल्याशिवाय गाडी चालवायची नाही असं सांगितलं होतं. शेवटी तह झाला. भाऊबीजेला बाबा मुलुंडला गाडी नेतील, मी शेजारी बसेन. नीट जाऊन आले तर चावी त्यांच्याकडे राहील. नाहीतर परत आल्या आल्या महेशच्या हातात द्यायची. बाबांनी मान डोलावली आणि महेशकडे न बघता म्हणाले, गाडयेक काय होवचा नाय.

पाडवा, निघताना

आईने पाडव्याचं ओवाळलं. मग फराळाचे डबे, मग सूचना. त्यातली एक अशी की शालूकडून येताना हळद आण. गावची हळद होळीपर्यंत पुरते, यंदा दसऱ्याआधीच डब्याचा तळ दिसला, कोण खातं देव जाणे. मी बरं म्हटलं आणि गाडीत बसले.

बाबा गाडी झकास चालवतात. हे मी वकील म्हणून सांगत नाही. हाइवेवर दोन्ही बाजूंनी मोटरसायकली घुसत होत्या, मेट्रोच्या खांबांखाली रस्ता अरुंद झाला होता, पण त्यांचा एकही ब्रेक दचकवणारा नव्हता. कांदिवली, मालाड, गोरेगाव. स्टुडिओच्या बाजूने जाताना त्यांनी त्यांची आवडती गोष्ट सांगितली. आउटडोअरला निघालेली जनरेटरची व्हॅन घाटात उकळली, पाणी कुठेच नाही, मग यांनी शूटिंगच्या खोट्या पावसासाठी आणलेल्या टँकरमधून बादलीभर पाणी काढलं. डायरेक्टर ओरडतोय, माझा पाऊस कमी पडेल! मी हसले. गोष्ट खरंच छान आहे.

माझ्यावर एकच काम होतं. इंजिनाच्या गरमीचा जो काटा असतो त्याच्याकडे बघत राहायचं. बाबांची नजर रस्त्यावरून हलत नाही, म्हणून ते मधून मधून विचारायचे, "काटो खय आसा गो?" आणि मी सांगायचं, "अर्ध्यावर." अर्धा म्हणजे तब्येत उत्तम.

जोगेश्वरीला वळून आरेच्या चढाला लागलो आणि काटा अर्ध्याच्या वर सरकला. मी मान वाकडी करून पुन्हा बघितलं. मग सांगावंच लागलं.

आरे, पवई

झाडाखाली गाडी घेतली, बॉनेट उघडलं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंडावर उकळतं पाणी येतं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पंखा फिरत होता. म्हणजे पंख्याचा दोष नाही. बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी कमी झालेलं आणि पिवळट दिसत होतं. कूलंट हिरवं असतं ना, म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले जुनं झालं की रंग बदलतो. आम्ही दगडावर बसून आईने दिलेले शंकरपाळे खाल्ले. समोर एक बाई करवंटीत पणत्या लावायची तयारी करत होती, तिने आम्हाला न विचारता पाण्याची कळशी आणून ठेवली. आमच्या सोसायटीत पाणी हवं असेल तर आधी वॉचमनला नाव सांगावं लागतं.

गाडी थंड झाल्यावर फडका धरून झाकण उघडलं, पाणी भरलं, निघालो. पवईच्या तलावाशी पोचेपर्यंत काटा परत वर.

मग बाबांनी हीटर लावला. ऑक्टोबरच्या उन्हात, चारही काचा खाली करून, हीटर! इंजिनाची गरमी थोडी आत ओढून घ्यायची म्हणजे इंजिनाला तेवढाच आराम, असा त्यातला हिशोब. पायांवर भट्टीचा वारा, डोक्यावर ऊन, बाजूच्या एसी गाडीतली माणसं आमच्याकडे बघतायत. माझ्या साडीला इस्त्रीची गरज उरली नाही. पण काटा खाली आला हे खरं.

तलावाच्या काठाशी पुन्हा थांबलो. बाबांनी इंजिनाकडून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपावर हात ठेवून लगेच काढला. मग खालच्या पाइपावर ठेवला आणि तसाच ठेवून दिला. मलाही हात लावायला लावला. वरचा चटका देणारा, खालचा जवळजवळ गार. गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं, पण पलीकडून बाहेर पडत नाही, असं त्यांनी समजावलं. आत कुठेतरी कोंडलंय. रेडिएटर जाम आहे.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. ज्या माणसाला नुसत्या हाताने हे कळतं, त्याच्याकडून चावी काढून घ्यायची? मी मनातल्या मनात महेशला चार शब्द सुनावले. गाडी तापणं हा काही ड्रायव्हरचा दोष नव्हे.

मग गाडी थंड होईपर्यंत बाबांनी मला एक गोष्ट सांगितली. जनरेटरची व्हॅन घाटात उकळली, पाणी कुठेच नाही, मग यांनी खोट्या पावसाच्या टँकरमधून बादलीभर पाणी काढलं. मी त्याच ठिकाणी हसले.

भांडुप

एलबीएस रोडवर गॅरेजांची रांग आहे, पण पाडव्याला सगळी शटरं खाली. एकच उघडं सापडलं. मालक हत्यारांवरचे सुकलेले झेंडूचे हार काढत बसला होता. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि बाहेर न काढताच निकाल दिला, की थर्मोस्टॅटचा वॉल अडकलाय. म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी छोटी झडप. काढून टाकू म्हणाला. मुंबईत तिची गरजच काय, इथे कुठे बर्फ पडतो?

मुंबईतल्या निम्म्या जुन्या गाड्यांतून ही झडप अशीच काढून टाकलेली असते. बाबा म्हणाले, झडप नाही, रेडिएटर आहे. मेकॅनिकने ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. पण मग तो त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलला, "मॅडम, अंकल का उमर हो गया ना." मी फोन करून महेशला विचारलं, तो म्हणाला मेकॅनिक सांगतोय तसं कर. मी तसं केलं. झडप निघाली. बाबा फुटपाथवर पाठ करून उभे होते, हात मागे बांधून. मला त्यांचा आणि स्वतःचा दोघांचा राग आला.

झडप काढूनही काटा वर गेलाच. बाबांच्या मिशीत मला समाधान दिसलं. हीटर लावून, थांबत थांबत, आम्ही मुलुंडला पोचलो. आत्या गेटवरच उभी होती. बॉनेटमधून वाफ येताना बघून म्हणाली, "दादा, चाय करून आणलास की काय?"

मुलुंड

आत्या बाबांपेक्षा लहान, एकटी राहते, आणि कोणालाही घाबरत नाही. तिच्या हातच्या करंज्यांत ओलं खोबरं असतं. आमच्याकडे आई सुकं घालते, टिकाव्यात म्हणून. आत्याचं म्हणणं, टिकवायच्या कशाला, माणसं आली की संपवायच्या. या एका मुद्द्यावर दोघींचं कधीच एकमत होणार नाही.

संध्याकाळी तिच्या गॅलरीत चहा घेताना सूर्य डोंगरामागे गेला. आता आपल्या घरावरून जात असेल, बाबा म्हणाले. मुलुंडची माणसं आम्हाला "तिकडे, वेस्टर्नला राहतात" असं म्हणतात, जणू आम्ही दुबईला असतो. आम्हीही त्यांना तसंच म्हणतो. मधे तर एकच डोंगर आहे आणि त्यात बिबटे राहतात, ते मात्र दोन्हीकडे येऊन जातात.

महेशचा मेसेज आला, आणखी काही झालं का? मी लिहिलं, गाडी अजून थोडी तापते, बाबा एकदम ओके. वाक्य पाठवताना माझा अंगठा जराही अडखळला नाही.

भाऊबीज

सकाळी खालून बॉनेटचा आवाज आला म्हणून गॅलरीतून बघितलं. बाबा उठून गाडीशी गेले होते. मी खाली गेले तोवर ते झाकण लावत होते, आणि हातात स्टीलचा छोटा डबा होता.

थोडी गळती आहे कुठेतरी, म्हणाले, चमचाभर हळद घातली. जुन्या ड्रायव्हरांचा हा इलाज आहे. रेडिएटरला बारीक भोक पडलं की पाण्यात एक चमचा हळद टाकायची, ती पाण्याबरोबर फिरत फिरत भोकापाशी जाते, तिथे बसते आणि फुगून भोक बुजवते. पण एकच चमचा, त्यांनी बजावून सांगितलं. जास्त झाली की सगळंच बुजेल. मला गंमत वाटली. आईची हळद कुठे जाते ते कळलं, आता तिला सांगून हसू, असं म्हणत मी वर आले.

आंघोळी झाल्या. आत्या पाटाभोवती रांगोळी काढत होती. आत वड्यांचं पीठ भिजत होतं, मटणाच्या सागोतीचं वाटण भाजल्याचा वास घरभर होता. बाबा नवा शर्ट घालून बाहेर आले आणि मला म्हणाले, जरा गाडी बघून येतो, थोडी गळती आहे कुठेतरी.

मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. मला वाटलं, नुसतं बघायला जातायत. त्यांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण फिरवलं, डिकीतून तो डबा काढला, त्यातून चमचा भरला आणि मला शिकवल्यासारखं सांगू लागले, की जुन्या ड्रायव्हरांचा हा इलाज आहे. रेडिएटरला बारीक भोक पडलं की एक चमचा हळद टाकायची. पण एकच चमचा हां.

डबा जवळजवळ रिकामा होता. आईचा गावच्या हळदीचा डबा दसऱ्याआधी संपला होता. बाटलीतलं पिवळट पाणी, वरचा पाइप गरम आणि खालचा गार, सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, हाताने चाचपलं होतं, आणि त्यावर महेशशी मनात भांडलेही होते.

बाबांनी चमचा उलटा करायच्या आधी सवयीने आत डोकावून बघितलं. बोट घातलं. बोटाला पिवळा चिखल आला, गुळासारखा घट्ट. ते इतके संतापले की डबा बॉनेटवर आपटला.

"कोणी घातल्यान गो एवढी? एक चमचो घालूचो असता! गाडयेचो जीव घेतल्यान!"

मग त्यांनी बोट पुसायला हात वर केला आणि त्यांना स्वतःचा अंगठा दिसला. नखात पिवळं, नखाच्या कडेला पिवळं, आंघोळ करूनही न गेलेलं. ते पिवळं नख मी गेले कित्येक दिवस बघत होते आणि मला वाटायचं जेवणाचं असेल.

बाबा एरवी मालवणी बोलतात, रागावले तरी मालवणीच. घाबरले की पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात. मी ते आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलंय.

"बाय," ते म्हणाले, "मी मघाशी घातली होती का?"

मला नाही म्हणता आलं असतं. वकिलाने नाहीच म्हणायचं असतं. पण ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की त्यांना खरं हवंय हे कळत होतं.

"हो, बाबा."

"आणि घरी?"

मी आईच्या हळदीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चमच्यातली हळद परत डब्यात ओतली, झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. मग रेडिएटर कसा धुवायचा ते अगदी बारकाईने सांगत बसले. खालचा पाइप सोडायचा, वरून नळाची नळी लावायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडत राहायचं. एकही पायरी चुकली नाही. मी धुवत होते आणि रडत होते. पिवळं पाणी कंपाउंडमधून गटाराकडे चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, कोणाची हळद लागली का हो? बाबा हसले. मला नाही हसू आलं.

वर आलो तेव्हा आत्याने बाबांचा पिवळा अंगठा बघितला, माझे डोळे बघितले, आणि काही न विचारता निरांजन लावलं. बाबा पाटावर बसले. तिने टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. बाबांनी खिशातून दरवर्षीचं पाकीट काढून ताटात ठेवलं. मग दुसऱ्या खिशात हात घातला आणि पाकिटाच्या शेजारी गाडीची चावी ठेवली.

आत्याचा हात तसाच राहिला. दादा, मी कुठे गाडी चालवतेय, असं काहीतरी ती पुटपुटली.

"शाले, ऐक," बाबा म्हणाले, पुन्हा त्या पुस्तकी मराठीत. "उद्या मी हे विसरेन. चावी मागेन. महेशशी भांडेन, हिच्याशी भांडेन. पण बहिणीला घातलेली ओवाळणी परत मागायची नसते. ते मी विसरणार नाही. ते फार जुनं आहे."

आत्याने ताट खाली ठेवलं आणि बाबांचा तो हात धरून बसली. वडे तळायला घेतले ते मी, म्हणून ते सगळे वाकडे झाले. बाबांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्ले.

परत

निघताना आत्याने चावी माझ्या तळहातावर ठेवली. गाडी माझी, म्हणाली, ड्रायव्हर तू. नीट चालव. सोबत पिशवीभर हळद दिली, आईसाठी.

येताना मी चालवलं. धुऊनही रेडिएटर पुरता मोकळा झाला नव्हता, त्यामुळे हीटर चालूच. बाबा डावीकडे बसून माझ्या बाजूला वाकून वाकून काट्याकडे बघत होते आणि मला गिअर कधी टाकायचा ते सांगत होते. मला एरवी असं कोणी सांगितलेलं मुळीच खपत नाही. पवईला त्यांनी टँकरची गोष्ट सांगितली. या वेळी मी मधेच विचारलं, मग डायरेक्टरला पाऊस पुरला का? हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. जरा विचार करून म्हणाले, पुरला, हिरो-हिरॉइनने जवळ जवळ उभं राहायचं ठरवलं.

महेश दारातच होता. त्याने चावी मागितली नाही. आमच्याकडे बघून त्याला कळलं असावं.

नवा रेडिएटर बसला, झडपही परत बसवली. गाडी आता तापत नाही. बाबा मात्र अधूनमधून सकाळी शर्ट-पॅंट घालून तयार होतात आणि खुंटीवर हात फिरवत आईला विचारतात, चावी खय आसा? आई सांगते, भाऊबीजेला शालूला ओवाळणीत घातलीत. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकतात. दर वेळी चेहरा पडतो, आणि मग थोड्या वेळाने त्यांचं त्यांनाच पटतं.

"दिलंय काय?" म्हणतात. "मगे ऱ्हवांदे."

मी जवळपास असले तर मला हाक मारतात, खाली येतात, डावीकडचं दार उघडून बसतात आणि माझ्या बाजूला वाकून सांगतात, काटो अर्ध्यार आसा, चल.